संगणक अधूनमधून आपोआप बंद पडतोय, रॅमचा संशय आहे. खात्री कशी करायची?

खिळेजुळारी

नमस्कार मंडळी. मी कऱ्हाडला घरूनच डीटीपीची कामं करते. एरवी लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल. श्रावण लागला की दिवाळी अंक. यंदा दोन अंक घेतलेत आणि नेमकं आत्ताच मशीनने नाटकं सुरू केली आहेत.

मशीन २०२० मध्ये असेंबल करून घेतलेलं. रायझन ५ ३६००, बी४५० चा बोर्ड, रॅमच्या ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या (डीडीआर४, ३२००). गेल्या उन्हाळ्यात आणखी ८-८ जीबीच्या दोन टाकल्या, दुसऱ्या कंपनीच्या. म्हणजे चारही स्लॉट भरलेले, एकूण ३२ जीबी. उन्हाळ्यात सगळं सुरळीत होतं. आता पावसाळ्यात त्रास सुरू झालाय.

होतं असं की इनडिझाइनमध्ये अंकाची मोठी फाइल, शेजारी फोटोशॉप आणि ब्राउझर उघडं असलं की कधीतरी निळी स्क्रीन येते. दर वेळी कारण वेगळं लिहिलेलं: एकदा मेमरी मॅनेजमेंट, एकदा आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल, मग पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया. नुसतं ब्राउझर उघडं असेल तर दिवसभर काही होत नाही. संपादकांनी पाठवलेली फोटोंची झिप फाइल उघडताना सीआरसी एरर (फाइलची आतली पडताळणी जुळली नाही) आली. मशीन रीस्टार्ट करून तीच फाइल उघडली, तर व्यवस्थित उघडली.

आणि एक विचित्र प्रकार. करवंदांवरच्या एका ललित लेखात एका ठिकाणी 'क' च्या जागी रिकामा चौकोन आला. तो कॉपी करून ब्राउझरमध्ये टाकला तर चक्क बंगाली 'क' निघाला! लेखकाची मूळ वर्ड फाइल फोनवर उघडून पाहिली, तिथे सरळ आपला 'क' आहे. लेखक कोकणातले, बंगालशी संबंध शून्य.

आमच्याकडे येणाऱ्या मुलाने विंडोज फॉरमॅट मारून दिलं, पट्ट्या काढून त्यांना खोडरबर मारला, फरक नाही. विंडोजमधली मेमरी तपासणी लावली, तिला काही सापडलं नाही. आता तो म्हणतो मदरबोर्ड गेला. बोर्ड बदलायचा तर तो जुना मिळणार नाही, मग प्रोसेसरही नवा घ्या, असं गाडं वाढत चाललंय. पैसे घालण्याआधी नेमका दोष कुठे आहे हे घरच्या घरी कळू शकेल का? सप्टेंबरअखेर एक अंक छापखान्यात द्यायचा आहे.

फुकटसल्लागार

एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) बदला. नव्वद टक्के वेळा तोच असतो. पावसाळ्यात लाइट कमीजास्त होते, त्याने होतं हे.

सोल्डरगन

फुकटसल्लागार, या केसमध्ये नाही वाटत. एसएमपीएस दम तोडतो तेव्हा बहुधा निळी स्क्रीन येतच नाही; फट्कन काळोख आणि मशीन पुन्हा सुरू. विंडोजच्या नोंदींत मग फक्त कर्नल-पॉवर ४१ दिसतं, आणि त्याचा अर्थ एवढाच की मशीन नीट बंद न होता बंद पडलं. का पडलं ते ती नोंद सांगत नाही. ताईंच्या मशीनला निळी स्क्रीन दाखवायला, त्यावर कारण लिहायला सवड मिळते आहे. वीज गेलेली नाही, डोक्यात घोळ झालाय.

ताई, माझं रत्नागिरीत रिपेअरिंगचं दुकान आहे, असली गिऱ्हाइकं रोजची. तुम्ही लिहिलेल्या गोष्टींतली मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती झिप फाइल. निळ्या स्क्रीनला छप्पन्न कारणं असतात. पण डिस्कवर तीच फाइल, एकदा सीआरसी चुकतो, रीस्टार्ट केल्यावर बरोबर येतो, याचा अर्थ डिस्कवरची प्रत चांगली आहे आणि ती रॅममध्ये आल्यावर बिघडली. रीस्टार्ट न करता पुन्हा उघडली असती तर कदाचित तीच बिघडलेली प्रत परत मिळाली असती, कारण विंडोज एकदा वाचलेली फाइल रॅममध्येच धरून ठेवतं.

दर वेळी वेगळा कोड हीसुद्धा रॅमचीच खूण. ड्रायव्हरची भानगड असती तर बहुतेक वेळा एकच कोड आणि खाली ड्रायव्हरच्या एकाच .एसवायएस फाइलचं नाव आलं असतं. आणि जड काम असतानाच का? कारण खराब जागा ३२ जीबीत कुठेतरी एका कोपऱ्यात आहे. नुसत्या ब्राउझरला तिथवर जायची गरजच पडत नाही.

आता काय करायचं.

सगळ्यात आधी त्या मशीनवर अंकाचं काम थांबवा. बॅकअपसुद्धा त्यावर घेऊ नका! कॉपी करताना प्रत्येक बाइट रॅममधूनच जातो, म्हणजे बॅकअपही नासका होऊ शकतो. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावा आणि तिथे कॉपी घ्या.

मग पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६ किंवा मेमटेस्ट८६ प्लस टाका. नावं सारखी असली तरी रॅम तपासणारे दोन वेगळे प्रोग्रॅम आहेत, दोन्ही फुकट मिळतात, कोणताही चालेल. विंडोजच्या तपासणीवर माझा भरवसा नाही. तिने पास केलेल्या आणि मेमटेस्टने पकडलेल्या पट्ट्यांचा माझ्याकडे डबा भरलाय. पेनड्राइव्हवरून सुरू होत नसेल तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) अनोळखी प्रोग्रॅमला अडवणारं सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करा. पण डिस्कला बिटलॉकर (विंडोजचं कुलूप) असेल तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून ठेवा, नाहीतर विंडोज दारातच अडवेल.

बायोसमध्ये आहातच तर एक्सएमपी (पट्टीला जादा वेगाने पळवणारं सेटिंग) बंद करा. पट्टीवर ३२०० लिहिलेलं असतं तो बहुधा एक्सएमपीचा वेग, १.३५ व्होल्टवरचा. तो बंद केला की पट्टी आपल्या मूळ वेगाला, १.२ व्होल्टवर येते. हे करायचं कारण असं, की रायझन ३००० मालिकेला कंपनीच्याच तक्त्याप्रमाणे दोन पट्ट्यांवर ३२०० चालतं, पण चार पट्ट्या भरल्या की सिंगल रँकला (चिपांचा एकच संच असलेल्या पट्ट्यांना) २९३३ आणि ड्युअल रँकला (दोन संच असलेल्यांना) २६६७ एवढीच हमी. तुमच्या चार पट्ट्या ३२०० ला पळत असतील, त्याही दोन कंपन्यांच्या, तर एकही पट्टी खराब नसताना हा सगळा तमाशा होऊ शकतो. उन्हाळ्यात चाललं म्हणून आता चालेलच असं नाही.

एक्सएमपी बंद करून, चारही पट्ट्या ठेवून रात्रभर मेमटेस्ट लावा. सकाळी शून्य चुका असतील तर दोष वेगाचा. तसंच चालवा, डीटीपीला तो फरक जाणवणार नाही. एक जरी लाल ओळ, म्हणजे चूक, आली तर पट्टी किंवा स्लॉट. "एवढ्या अब्जावधीत एकच चूक" असं म्हणून सोडून द्यायचं नाही.

लाल ओळ आली तर एकेक पट्टी वेगळी तपासायची. प्रोसेसरपासून दुसरा स्लॉट घ्या, बहुतेक बोर्डांवर तो एटू असतो. जी पट्टी नापास होईल ती दुसऱ्या स्लॉटमध्ये घालून परत बघा, आणि नापास स्लॉटमध्ये पास झालेली पट्टी घाला. चूक पट्टीबरोबर फिरली तर पट्टी खराब. चूक स्लॉटलाच चिकटून राहिली तर तुमचा तो मुलगा बरोबर बोलतोय. मेमटेस्टने दाखवलेल्या पत्त्यावरून "ही चौथी पट्टी" असं ओळखायला जाऊ नका. ड्युअल चॅनेलमध्ये पत्ते दोन पट्ट्यांत आलटून पालटून वाटलेले असतात. माझा अंदाज विचाराल तर नव्या दोघींपैकी एक.

पट्ट्या काढताना वायर भिंतीतून काढा, मग पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरा म्हणजे आत साठलेला चार्ज उतरेल.

खोडरबराबद्दल: आमच्या दमट हवेत पट्टीच्या सोनेरी दातांवर थर बसतो हे खरं, आणि साध्या पांढऱ्या खोडरबराने काम होतंही. पण शाई खोडायच्या निळ्या बाजूने घासणारे महाभाग मी पाहिलेत. तो सोन्याचा मुलामा किती पातळ असतो! आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लिंट न सुटणारं कापड, बस.

बंगाली 'क' चं मात्र मला झेपलं नाही. तो फॉन्टचा घोळ असावा.

सनीव्हेलचा_संन्याशी

सोल्डरगनशी बाकी सगळं सहमत, पण बंगाली 'क' फॉन्टचा नाही. या धाग्यातला तोच खरा पुरावा आहे. मी सर्व्हरच्या मेमरीच्या चाचण्यांमध्येच काम करतो, आणि इतका बोलका नमुना माझ्या पाहण्यात नाही.

युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) देवनागरी 'क' चा क्रमांक ०९१५ आणि बंगाली 'क' चा ०९९५, दोन्ही हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावरच्या मोजणीत. फरक ८० हेक्स, म्हणजे नेमका एक बिट: खालून आठवा. बाकी पंधरा बिट जसेच्या तसे. भारतीय लिप्यांचे तक्ते इस्की या जुन्या भारतीय प्रमाणावरून घेतले असल्यामुळे ते एकमेकांना समांतर आहेत. प्रत्येक तक्त्यात 'क' त्याच जागी. त्यामुळे आठवा बिट शून्याचा एक झाला की देवनागरी अक्षर थेट आपल्या बंगाली भावंडाच्या घरी जाऊन बसतं. फॉन्ट बिघडला तर अक्षराचं रूप बदलतं, क्रमांक बदलत नाही. तुम्ही कॉपी करून दुसरीकडे टाकल्यावरही बंगालीच आलं, म्हणजे क्रमांकच बदललाय.

ताई, मेमटेस्टमध्ये लाल ओळ आलीच तर "अपेक्षित" आणि "मिळालं" या दोन रकान्यांत काय फरक दिसतो तेवढं लिहून ठेवा. शेवटचे दोन अंक ०० च्या जागी ८० असले तर तुमचा चोर सापडला.

आणि खरी काळजी निळ्या स्क्रीनची नाही. हा बिट आठवा होता म्हणून चौकोन दिसला. सगळ्यात खालचा असता तर? 'ल' ०९३२ आणि 'ळ' ०९३३. 'पाहुणा काल आला' चं 'पाहुणा काळ आला' झालं असतं आणि तुमच्या मुद्रितशोधकाने लेखकाच्या नावाने बोटं मोडत तेच दुरुस्त केलं असतं. 'त' ०९२४, 'थ' ०९२५, तीच कथा. म्हणून या काळात सेव्ह झालेली प्रत्येक फाइल संशयित धरा.

फुकटसल्लागार

अवकाशातून किरण येतात त्याने बिट उलटतो असं वाचलं होतं. मग पट्टी बदलून काय उपयोग?

सनीव्हेलचा_संन्याशी

येतात. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तर चिपच्या सिरॅमिक वेष्टनातल्या किरणोत्सारी अंशांमुळे बिट उलटतात हे इंटेलमधल्या संशोधकांनी दाखवलं होतं. पण तसा बिट एकदा उलटतो, पुन्हा लिहिलं की जागा ठणठणीत. पुन्हा पुन्हा त्रास देतो तो किरण नव्हे.

गूगलच्या सर्व्हरांवर टोरांटो विद्यापीठाच्या प्राध्यापिकेसोबत केलेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभरात साधारण ८ टक्के पट्ट्यांत निदान एक तरी चूक नोंदली गेली होती, आणि या चुकांमागे किरणांपेक्षा पट्टीतलाच कायमचा दोष जास्त असावा असा निष्कर्ष होता. तापमानाचा परिणाम लोक समजतात तेवढा दिसला नाही. तिथे ईसीसी मेमरी होती म्हणून मोजता तरी आलं: ६४ बिटांमागे ८ जादा, एक बिट चुकला तर दुरुस्त, दोन चुकले तर निदान बोंब. आपल्या घरच्या मशीनला बोंब मारायचीही सोय नाही. नव्या डीडीआर५ मध्ये चिपच्या पोटात ईसीसी असतं, पण पट्टीपासून प्रोसेसरपर्यंतच्या रस्त्यावर काही झालं तर ते कामाचं नाही.

पट्टी जुनी होऊनही जाते. लिनक्सच्या जनकाची, लिनस टॉरवाल्ड्सची, २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये गेली, अडीच वर्षं उत्तम चाललेल्या मशीनमधली. त्याने आधी जुना कर्नल (लिनक्सचा गाभा) लावून पाहिला, मग रात्रभर मेमटेस्ट८६ प्लस. तुम्ही करणार तेच.

खिळेजुळारी

सर्वांचे मनापासून आभार. डिस्क काढून भावाच्या मशीनवर बॅकअप घेतला. एक्सएमपी बंद केलं आणि रात्री मेमटेस्ट लावून झोपले.

सकाळी स्क्रीन लालेलाल! संन्याशीदादा, रकाने वहीत उतरवून घेतलेत. अपेक्षितमध्ये शेवटी ००, मिळालंमध्ये ८०. खालच्या ओळीत ०१ च्या जागी ८१. त्याखाली ७एफ च्या जागी एफएफ. पत्ते वेगवेगळे, पण दर वेळी तोच आठवा. अंगावर काटाच आला.

मग एकेक पट्टी घेऊन बसले. सोल्डरगनदादा, तुमच्या अंदाजाला धक्का आहे: नव्या दोन्ही निर्दोष. नापास झाली ती २०२० च्या जोडीतली एक. स्लॉट बदलला तरी तिथेही तीच रड, आणि तिच्या स्लॉटमध्ये नवी घातली तर एकही लाल ओळ नाही. म्हणजे बोर्ड शाबूत. आमच्या मुलाला फोन करून सांगितलं, तर म्हणाला "मला तरी आधीपासून रॅमच वाटत होती". बरं.

आता नव्या दोन पट्ट्यांवर १६ जीबीत काम सुरू केलंय. तेव्हापासून निळी स्क्रीन नाही, झिपही पहिल्या फटक्यात उघडतात. फोटोशॉप बंद करून मग पीडीएफ काढायची एवढीच कसरत.

प्रश्न दोन. जुनी जोडी वॉरंटीत आहे असं दिसतंय, दुकानदार म्हणतो दोन्ही आणा. एकच खराब असताना दोन्ही का? आणि लावून झालेल्या पानांचं काय करू? तीनशेच्या आसपास पानं आहेत.

सोल्डरगन

अंदाज चुकू द्या हो, म्हणून तर तपासायचं असतं.

जोडी म्हणून विकलेला माल जोडी म्हणूनच परत घेतात, जुळणाऱ्या चिपांची जोडी द्यायची असते म्हणून. वेगळं काही नाही. बिलाचा आणि पट्टीवरच्या सिरीयलच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा. स्टिकर अजिबात उचकटू नका, तो फाटला की वॉरंटी गेली. नवी जोडी आली की आधी एक रात्र मेमटेस्ट, मगच काम. आणि चारही भरल्यात तर एक्सएमपी बंदच राहू द्या.

सनीव्हेलचा_संन्याशी

८०, ८१, एफएफ. वा! पट्टीवर साधारणपणे आठ चिपा असतात, एकेक चिप आठ-आठ बिट सांभाळते. तुमचा आठवा बिट म्हणजे आठातल्या एकाच चिपची एकच वाट खराब. बाकी पट्टी धडधाकट.

पानांचं सांगतो. तुमच्या पट्टीचा दोष एकाच बिटात आहे हे नशीब समजा, कारण मग मजकुरात काय शोधायचं ते ठाऊक आहे. इनडिझाइनच्या शोधात ग्रेप नावाचा टॅब असतो, त्यात नुसता शब्द नाही तर अक्षरांचा नमुना देऊन शोधता येतं. तिथे ०९८० ते ०९एफएफ हा बंगालीचा पट्टा देऊन पूर्ण डॉक्युमेंट धुंडाळा. मराठी अंकात त्या पट्ट्यातलं एकही अक्षर असायचं कारण नाही. एखाद्या लेखात मुद्दाम बंगाली ओळ असेल तर ती तुम्हाला माहीत असेलच. मग देवनागरी, इंग्रजी आणि विरामचिन्हं सोडून बाकी जे काही असेल तेही शोधा, कारण इंग्रजी अक्षरांचे आठवे बिट उलटले तर युरोपातली टोपीवाली अक्षरं उगवतात, आणि इंग्रजी आकड्यांचे उलटले तर ± सारखी चिन्हं.

तरीही लेख ईमेलमधून पुन्हा उतरवून घेऊन लावलेल्या मजकुराशी ताडून पाहणं उत्तम. निदान कविता तरी. गद्यात शुद्धलेखनाची चूक म्हणून खपेल ते कवितेत खपणार नाही. फोटो मूळ झिपमधून पुन्हा काढून लिंक करा. बिघडलेला जेपेग ओळखायला सोपा असतो, कुठूनतरी खाली रंगाचा पट्टा सरकलेला दिसतो, पण टिफमध्ये एखादा ठिपका बदलला तर डोळ्याला दिसणार नाही.

खिळेजुळारी

ग्रेप लावलं. आणखी दोन बंगाली सापडली! एक 'म', अनुक्रमणिकेत, चक्क संपादकांच्या आडनावात. दुसरा 'र' जाहिरातीतल्या पत्त्यात. जाहिरातदाराने पैसे दिले नसते. टोपीवालं 'ए' एका ईमेल पत्त्यात. आता उतरवून घेतलेल्या लेखांशी ताडायचं काम भाचीला लावलंय, ती वाचते आणि मी पडद्यावर बघते.

नवी_मुंबईकर

धागा वाचून माझ्या लॅपटॉपवरही मेमटेस्ट लावली, लाल ओळी आल्या. पण माझी रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली आहे, काढता येत नाही. लॅपटॉप भंगारात का?

सोल्डरगन

चुका एका छोट्या पट्ट्यातच येत असतील तर लगेच भंगारात नको. विंडोजमध्ये बीसीडीएडिट या कमांडने बॅड मेमरी लिस्ट देता येते. त्यात रॅमच्या खराब पानांचे (तुकड्यांचे) क्रमांक घातले की विंडोज तिकडे फिरकत नाही. मेमटेस्टचा पत्ता हेक्समध्ये असतो, त्याचे शेवटचे तीन अंक कापले की पानाचा क्रमांक मिळतो, कारण पान ४ केबीचं. लिनक्स असेल तर कर्नलला मेममॅपचा पर्याय देऊन तोच भाग वगळता येतो.

पत्ते सगळीकडे विखुरलेले असतील तर मात्र यादी पुरणार नाही. चिप बदलणारा गाठावा लागेल, आणि त्याचा खर्च ऐकून मगच ठरवा. तोवर त्या लॅपटॉपवर हिशोब वगैरे ठेवू नका. मेमटेस्टच्या स्क्रीनचा फोटो इथे टाका, पत्ते बघून सांगतो.